दोनशे ल्युमेन

सोसायटीच्या हॉलची किल्ली ज्याच्याकडे
तो कुडाळला गेलेला, मेव्हण्याच्या साखरपुड्याला.
म्हणून प्रोजेक्टर मी वाळूवरच मांडला:
बर्फाचा उलटा क्रेट, त्यावर सत्यवतीबाईंची चुंबळ,
तिच्यात बसवलेलं यंत्र,
चपात्यांच्या डब्याएवढं.

दोनशे ल्युमेन, असं खोक्यावर छापलंय.
उन्हापुढे त्याची किंमत शून्य.
सूर्य असेस्तोवर माझे आकडे कुणालाच दिसणार नव्हते.
बसून राहिलो.
काळोख पावणेसातला. बॅटरी दीड तास.
"पाणी आठाक हय येतला," रघुवीर तारी म्हणाला,
घड्याळ न बघता.
एवढ्या फटीत मला बावीस स्लाइड्स बसवायच्या होत्या.

कोणी चादर आणली. वाऱ्याने तिचं शीड केलं,
दोन पोरं लोंबकळली तरी ऐकेना.
मग सत्यवतीबाईंनी हनुवटीनं दाखवलं:
"ती होडी बघ. कालच पांढरो रंग काढलो हा."

होडी ओंडक्यांवर कलून उभी,
वर पांढरी, पाण्याच्या रेषेखाली लाल.
केबल जोडली. निळा चौकोन: सिग्नल नाही.
उपटली, फुंकर मारली, परत जोडली.
(माहितीपुस्तिकेत फुंकर नाही. चालते मात्र तीच.)
आणि आमच्या खात्याचं बोधचिन्ह
होडीच्या कुशीवर उमटलं,
सहाव्या महिन्यातल्या बाईसारखं.

मी कीस्टोनचं बटण दाबत राहिले.
वरची कड आवळली, खालची सैलावली,
चौकोन काही चौकोन होईना.
"कित्याक झटतस?" रघुवीर म्हणाला,
"होडयेक पोट आसता. भिंतीक नसता."

फोकसची चकती फिरवली.
मधलं स्पष्ट तर कडा धुरकट,
कडा स्पष्ट तर मधलं पुसट.
मी मधलं निवडलं.

सातवी स्लाइड. बांगडा, दहा वर्षांचा.
ऑफिसात बसून रेघेला मी लाल रंग दिला होता,
उठून दिसावा म्हणून.
काठापासून निघाली, उतरत आली,
पांढऱ्यावरून, फळ्यांच्या सांध्यांवरून,
आणि शेवटची दोन वर्षं
होडीच्या लाल रंगात शिरून दिसेनाशी झाली.
मी "एक मिनिट" म्हणत लॅपटॉपवर वाकले,
तर मागून कोणीतरी म्हणालं,
"ऱ्हांवदे. समाजला."

पंखा घरघरत होता. उजेडात किडे.
अकराव्या स्लाइडवर जाळ्याचा आस होता,
चौकोनी, चाळीस मिलिमीटर,
होडीवर तो खिडकीएवढा.
"खरो केवढो?" सत्यवतीबाईंनी विचारलं,
आणि माझ्या उत्तराची वाट न बघता
शेजारी वाळत पडलेलं जाळं उचललं,
यंत्रापुढे आल्या,
आसातून दोन बोटं घातली.
सावली पडली: दोन बोटं, माडांएवढी,
आणि त्यांच्याभोवती एवढासा दोरा.
मग एकेक जण उठला.
पुढची अर्धी बॅटरी
माणसं रांगेनं येऊन बोटं घालून बघत होती
आपापल्या घरच्या जाळ्यांत,
काहींची आत जातच नव्हती.
मी स्लाइड पुढे सरकवली नाही.

आठला क्रेटच्या बुडाशी पाणी आलं.
रघुवीरनं यंत्र चालू तसंच उचललं;
जाळं होडीवरून घसरलं, माडांवर चढलं,
वळताना समुद्रावर गेलं
आणि तिथे काहीच दिसलं नाही,
फक्त फुटत्या लाटेच्या फेसावर
एक पांढरा चौकोन, क्षणभर,
सरळ.

अहवालात लिहिलं: उपस्थिती चौतीस,
स्लाइड्स अकरा. अडचणी: किल्ली.

परवा ओरोसला, एसी सभागृहात, तेच सादरीकरण केलं.
पडदा सपाट, कडा स्पष्ट, मधलंही स्पष्ट.
पंख्याच्या जाळीतून वाळूचे चार कण
टेबलावरच्या शुभ्र कापडावर पडले.
लाल रेघ उतरत आली
आणि पांढऱ्यातच मध्येच थांबली.
साहेब म्हणाले, छान. पुढची घ्या.